देवीच्या पुस्तकातला चेहरा

प्रिय सुईआन,

नावाडी तुझं पत्र घेऊन आला तेव्हा मी मुळ्याला मीठ चोळत बसले होते. हात पुसायचंही सुचलं नाही, तुझ्या कागदाच्या कडेला माझ्या बोटांचे ओले डाग पडलेत. तोच नावाडी दुपारी सरोवर ओलांडून परत तुमच्या हूचौला निघणार आहे. त्याला मी जेवायला बसवलंय आणि मुद्दाम मोठा मासा शिजत टाकलाय, म्हणजे तेवढा वेळ मला लिहायला मिळेल. तो सारखा आत डोकावून म्हणतोय, "मावशी, मासा आहे की म्हैस?"

आधी एक काम कर, मग पुढचं वाच. हे पत्र मांडीखाली दाब आणि माझ्या नातवाच्या, गौअरच्या ओठांना भाताच्या पेजेचं पाणी लाव. घशात ओतू नकोस, ठसका लागेल. नुसतं ओठांना लाव. चाटलं तर पुन्हा लाव, नाही चाटलं तरी पुन्हा लाव. सासूबाईंनी विचारलं तर सांग, ओठ फुटलेत म्हणून लावतेय. ओठ ओले करायला कुठल्याही देवीची बंदी नाही. आणि त्याला मागच्या दाराशी हलवलं असेल तर उचलून आत घे. कुणी काही म्हणालं तर म्हण, सूचौहून आईचा निरोप आहे, भांडायचं असेल तर तिच्याशी भांडा. तुझा नवरा रेशमाच्या बोटी घेऊन दूर गेलाय आणि तू त्या घरात एकटी आहेस हे मला कळतं. म्हणूनच जरा कणखर हो.

तू लिहितेस की ताप आला, मग अंगावर देवीच्या फोडांची फुलं दिसली, तेव्हा सगळ्यांना बरं वाटलं. दारावर लाल कागद लावला, तळण बंद केलं, देवीपुढे दिवा ठेवला. पण फुलं वर येऊन भरायच्या ऐवजी आतच बुडाली, काळपट पडली. मग तो तरुण वैद्य चो आला, त्यानं पेटीतून पुस्तक काढलं, एका पानावर बोट ठेवलं आणि पेटी बांधली. "ही उलटी जात आहे. हिला औषध द्यायचं नसतं." इथपर्यंत मी वाचू शकले. पुढचं पुन्हा पुन्हा वाचावं लागलं. सासूबाईंनी वाकून ते पान पाहिलं आणि किंचाळल्या, "अगं, हे तर आपल्या गौअरचंच तोंड! देवीनं आधीच छापून ठेवलंय. बोलावणं आलंय बाई, आता अडवू नकोस." तू पाहिलंस तर खरंच तसं होतं. तोच वरचा ओठ, मधोमध किंचित उचललेला, तीच एक भुवई वर चढलेली. पोटावर लाल फडकं बांधलेलं, अंगभर काळे ठिपके. तू मला विचारतेस, आई, बाबा अशी चित्रं काढायचे ना? माझ्या पोराच्या जन्माआधीच्या पुस्तकात त्याचं तोंड कसं आलं?

कसं आलं ते मला माहीत आहे. पण एका ओळीत सांगितलं तर तू म्हणशील, म्हातारीचं डोकं नातवाच्या काळजीनं फिरलं. म्हणून पहिल्यापासून सांगते. तुझ्या सासूबाईंना वाचता येत नाही, हा एक देवाचा उपकारच म्हणायचा.

तुला आठवतात ते बाबा म्हणजे खिडकीशी पाठमोरे बसलेले, हाक मारली तर दचकणारे. मी लग्न करून आले तेव्हा ते असे नव्हते. तेव्हा ते गल्लीतले सगळ्यांत बडबडे गृहस्थ होते आणि घरात पाहुणा आला की मला धडकी भरायची. जेवता जेवता त्याला म्हणायचे, "जरा जीभ दाखवा बघू." पाहुणा बिचारा घाईघाईनं घास गिळून जीभ काढायचा, आणि हे अशा कौतुकानं बघायचे की जणू जरीचं कापड उलगडलंय. "वा, मागे पिवळी आणि कडेला दातांचे व्रण! कालच ही जीभ मला हवी होती." माझ्या मामेभावाच्या लग्नात नवरदेवाच्या मानेवर गळू होतं. नवरीकडे सगळ्यांचं लक्ष, यांचं गळवाकडे. माझी मामी म्हणालीच, "तुझ्या नवऱ्याला माणूस दिसतच नाही का गं? नुसता रोग दिसतो?"

खरं सांगायचं तर आमचं पोटच त्यावर होतं. वैद्यांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. गळू कुठल्या नाडीवर येतं, सुई कुठे टोचायची, जिभेवर कसा थर आला तर पोट बिघडलंय, सगळं बाबा काढायचे आणि बाजूची बारीक अक्षरं मी लिहायची. आमच्या दुकानाचा एक नेम होता, तुझ्या खापरपणजोबांपासून चालत आलेला. रोग खरा काढायचा, तोंड खोटं काढायचं. फोड जिथे आहे तिथेच, जेवढा आहे तेवढाच. पण तोंड नेहमी तेच एक, नव्या वर्षाच्या चित्रातल्या गुटगुटीत बाळाचं. पाठीवर वाटीएवढं गळू आणि चेहऱ्यावर हसू. परगावचे व्यापारी थट्टा करायचे, "तुमच्या पुस्तकात आजारी पडायला फार मजा येत असेल!" येऊ दे म्हणायची मी. खरं तोंड कागदावर उतरलं की रोगाला घराचा पत्ता मिळतो, आणि गेलेल्या माणसालाही सुखानं जाता येत नाही, असं आम्ही मानत होतो. मी अजून मानते.

वैद्य मंग तुला आठवत असतील. जाड भुवयांचे, आले की तुला जवाच्या गोड वड्या द्यायचे, पण तुझ्याकडे कधी सरळ बघायचे नाहीत. तू विचारायचीस, आजोबा माझ्यावर रागावलेत का? रागावले नव्हते. देवीचं ते पुस्तक त्यांचंच. फुलांच्या सगळ्या जातींची चित्रं बाबांनी त्यांना काढून दिली होती. सुलट जात, जिच्यात मूल आपोआप उठून बसतं. अवघड जात, जिच्यात वैद्याची कसोटी लागते. राहिली होती फक्त उलटी, आत बुडणारी. ती कुणालाच नीट काढता आली नव्हती, कारण चित्रकार दारात आला म्हणजे पोर गेलंच अशी लोकांची समजूत, आणि कुठली आई त्याला आत घेईल?

त्या वर्षी थंडी सरता सरता आमच्या गल्लीतच एका घरी देवी आल्या. मुलगी होती. चालायला लागलेली, बोलायला नुकतीच शिकलेली. मंग आले, त्यांनी तिला पाहिलं, आणि तुमच्या चोनं केलं तेच केलं, पेटी बांधली. पुढचं सगळं तू आत्ता तुझ्या घरात बघते आहेसच. दारावरचा लाल कागद काढला, मागचं दार उघडलं, तिथे गवताची चटई टाकून पोरीला ठेवलं. खाणं बंद, औषध बंद, नाव घेणं बंद, म्हणजे तिला मागे वळून बघावं लागू नये. आईला पुढच्या खोलीत बसवलं, कारण आईचे अश्रू पोराच्या पायात घोटाळतात. हे सगळं कुणी दुष्टपणानं करत नाही, सुईआन. तुझ्या सासूबाईही दुष्ट नाहीत. जाणाऱ्याचे हाल कमी व्हावेत म्हणूनच करतात.

मग मंगनी तुझ्या बाबांपुढे हात जोडले. "पुन्हा असं स्पष्ट रूप मिळायचं नाही. हे पान झालं तर पुढचे वैद्य मरणाऱ्या लेकरांच्या नरड्यात उगाच कडू काढे ओतणार नाहीत." ते रडत होते, हे मी स्वतः पाहिलं. बाबा नको म्हणाले. तेव्हा त्या पोरीची आई पुढच्या खोलीतून उठून आली आणि तिनं त्यांची बाही धरली. एवढ्या लहान जिवाला ना थडगं, ना घरातल्या पूर्वजांच्या पाट्यांवर जागा. चटईत गुंडाळून नेतात आणि पुन्हा कुणी त्याचा उल्लेख करत नाही. ती म्हणाली, "काढा. पण तोंड तिचं काढा. तुमचा तो गुबगुबीत बाळोबा मला नको. हिचं तोंड कुठेतरी राहू दे." बाबा म्हणाले, नेम मोडतो. ती म्हणाली, "मोडू दे. नेमाला कुठे मूल आहे?"

मग ते चटईशी बसले आणि काढायला लागले. फुलं काढली, बुडालेली, शाईच्या थेंबासारखी. भुवई काढली. ओठांपाशी आल्यावर हात थांबला. ओठांवर इतकी खपली धरली होती की खालचा रंग दिसेना, आणि ओठांचा रंग चुकला तर त्या पानाचा वैद्याला काही उपयोग नाही. म्हणून त्यांनी एक नवा कुंचला घेतला, शेजारी पडलेल्या पेजेच्या वाडग्यात बुडवला आणि खपली भिजवायला ओठांवर फिरवला. एकदा फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. आणि मग कुंचला ओढला गेला.

आधी त्यांना वाटलं खपलीत केस अडकले. पुन्हा बुडवून लावला. पुन्हा ओढला गेला. पोरगी चोखत होती. डोळे मिटलेले, अंग काळं पडलेलं, आणि ओठ मात्र कुंचल्याचं टोक धरून चोखत होते. त्यांनी कुणाला हाक मारली नाही. हाक मारली असती तर थांबवलं असतं. ते चित्र काढतच राहिले, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की काढतायत, आणि कुंचला वाडग्यातून तिच्या तोंडाकडे जात राहिला. संध्याकाळी मंग आले, ओली शाई वाळवून चित्र घेऊन गेले. त्यांनी चटईकडे पाहिलंही नाही. पाहवलं नसेल.

ती पोरगी जगली. आधी खपल्या ओल्या झाल्या, मग घाम आला, मग एका सकाळी तिनं चिडक्या आवाजात पाणी मागितलं. मंगना बोलावलं तेव्हा ते उंबऱ्यावरच बसले. "असं होत नाही," एवढंच दोनतीनदा म्हणाले. मग म्हणाले, तिचं नाव बदला, आणि तिला हे कधी कळू देऊ नका. देवीनं गोळा केलेल्या फुलांतलं एक खाली सांडलंय, तिला आठवण झाली तर ती न्यायला परत येईल. घरच्यांनी नाव बदललं. तोंडाला कुलूप लावलं.

पण पान छापलं गेलं. आमच्या धंद्यात चित्र लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवतात आणि कोरणारा त्यातूनच कोरत जातो. मूळ कागद उरत नाही. बाबा धावत छापखान्यात गेले तेव्हा फळी कोरून झाली होती. "अहो, हे मूल जगलंय," ते मालकाला म्हणाले. मालक म्हणाला, "छान झालं, पेढे द्या." मंगकडे गेले. मंग म्हणाले, "हजारात एक जगलं म्हणून मी बाकीच्या आयांना खोटी आशा लावू?" त्यांचंही चुकत होतं असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही. पुस्तकं पेट्यांत भरून गावोगाव गेली. आणि ज्या गावात ते पान उघडलं, तिथे वैद्यानं पेटी बांधली.

तेव्हापासून तुझे बाबा बदलले. लहान मूल गेलेल्या घरासमोर ते उभे राहायचे आणि बाहेर येणाऱ्याला विचारायचे, "वैद्यानं पान कुठलं उघडलं होतं?" लोकांनी त्यांना हाकललं, एकदा अंगावर खरकटं पाणी टाकलं. त्यांनी तोंड काढणं सोडलं. चेहऱ्याची जागा कोरी ठेवायचे आणि दुसऱ्या कुणाकडून भरून घ्यायचे. पण कुंचल्यानं त्यांना सोडलं नाही. आवळ्याचं झाड काढत असोत की माणसाचा हात, मध्येच थांबायचे आणि म्हणायचे, "ओढतंय." मी आधी थट्टा करायची, मांजराची मिशी लावलीय का कुंचल्याला? नंतर थट्टा करवेना, कारण त्यांचं मनगट खरंच हलताना दिसायचं, पुढे, जरासं, कुणीतरी खालून धरल्यासारखं. ते म्हणायचे, "ही ती नाही. ती तर परसात खेळतेय. मग ही कोण?" शेवटच्या आजारातही त्यांची बोटं हवेत कुंचला धरून होती. ते गेल्यावर मी त्यांचे कुंचले धुवायला घेतले. पाण्यात बुडवून वर काढताना माझ्या हातातलाही एक ओढला गेला. हलकेच, तान्ह्या बाळासारखा. मी तो तसाच पाण्यात सोडला आणि घराबाहेर जाऊन बसले. भास असेल म्हणशील. असेलही. पण मला भीती वाटली नाही, सुईआन, मला त्यांची भूक कळली. ज्यांच्या ओठांना कुणी पेज लावली नाही, ती सगळी लेकरं आमच्या घराचा पत्ता धरून होती. आणि आज तुझं पत्र आलं, आणि त्यात तेच पान.

मासा शिजला, नावाड्याचा दोनदा भात घेऊन झाला, आता तो थांबायचा नाही. म्हणून जे इतकी वर्षं जिभेवर येऊ दिलं नाही ते लिहिते. बाही धरणारी ती बाई मी होते. ती चटई आपल्याच मागच्या दाराशी होती. तुझं पहिलं नाव आल्यान, आणि पुस्तकातलं ते मूल तू आहेस. कपाळावरचे तुझे वण हलक्या देवीचे आहेत असं मी तुला सांगत आले, ते खोटं. सासूबाईंना त्या पानात नातू दिसला, कारण त्यानं तोंड तुझं घेतलंय. सुनेच्या तोंडाकडे कोण बघतं? तुला हे सांगितलं नाही याचं मला जराही वाईट वाटत नाही, आई आहे मी, पुन्हा वेळ आली तर पुन्हा लपवीन. पण आता लपवलं तर तुझं पोर जाईल. देवी हे वाचत असेल तर वाचू दे. तिला एक फूल कमी पडत असेल तर तिनं सूचौला यावं, मी म्हातारी रिकामीच बसलेय. हे पत्र पोचेपर्यंत गौअर असेल की नाही हे मला माहीत नाही, आणि ते मनात आलं की लेखणी सरकत नाही. तरी तो आहे असंच धरून लिहिते, आणि मीही पाठोपाठ दुसऱ्या नावेनं निघते. त्याचं नाव घे, मोठ्यानं घे. पेज चालू ठेव. आणि चो वैद्याला बोलावणं पाठव. येत नसेल तर सासूबाईंच्या नकळत स्वतः जा, त्याला हाताला धरून आण. ते पान उघडायला लाव, केस मागे घे आणि दिव्यासमोर उभी राहा. तो पानाकडे बघेल, मग तुझ्याकडे बघेल. त्याला सांग, हे मूल मेलं नाही. हे मोठं झालं, सासरी गेलं, आणि आता आपल्या मुलासाठी औषध मागतंय.

तुझीच,
आई